कायद्याचे शब्द आणि गार्डन रीचचा काठ

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास लिहावयाचा झाला, म्हणजे आपण सहसा गणेशोत्सव, नाटके, वाचनालय आणि हळदीकुंकू यांच्यापासून आरंभ करतो. स्मरणिकांची पाने त्यांनीच भरतात आणि ते योग्यही आहे. परंतु प्रत्येक घरात आणखी एक इतिहास असतो. कपाटाच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत तो बांधून ठेवलेला असतो. गावाकडच्या जमिनीचा सातबारा, आजोबांच्या वेळचे वाटणीपत्र, इथल्या सदनिकेचा दस्त, बँकेतील ठेवींच्या पावत्या, क्वचित एखादे मृत्युपत्र. या कागदांपैकी गावच्या कागदावरील निम्मी मराठी आपल्या मुलांना कळत नाही आणि इथल्या कागदावरील निम्मी बंगाली आपल्याला कळत नाही.

अशा घरी कधीतरी गावाहून मुद्रांकाचा एखादा कागद टपालाने येतो. ‘खूण केलेल्या जागी सही करून पाठवावे’ एवढाच निरोप सोबत असतो. नात्यातील विश्वासाने सही होते आणि कागद परत जातो. त्यावरील ‘हक्कसोड’ या शब्दाचा अर्थ घरातील लेकीला पुष्कळदा वर्षे उलटल्यावर उमगतो. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी कायद्यातील नेहमीच्या शब्दांचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे. वकिलाचा सल्ला वकिलानेच द्यावा. आमचा हेतू शब्दांची ओळख करून देण्याचा आहे.

हा इतिहास शोधताना एका गोष्टीचे आम्हांस मोठे नवल वाटले. आपल्या मराठी कागदांवरील कित्येक शब्दांचा अर्थ जेथे ठरला, ती जागा पुणे, सातारा किंवा नागपूर नव्हे. ती हाच हुगळीचा काठ होय. खिदिरपूर ओलांडल्यावर नदी जेथे वळण घेते आणि पलीकडे शिवपूरचे वनस्पतिउद्यान दिसू लागते, तेथे अठराव्या शतकात कंपनीच्या बड्या अंमलदारांचे बागबंगले होते. त्या बागांवरूनच गार्डन रीच हे नाव पडले. पुढे १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, विदर्भातून पूर्वेकडे येण्याचा सरळ रस्ता खुला झाला आणि कालांतराने त्या रेल्वेचे मुख्यालय याच काठावर आले. १९५५ पासून तेथे दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांचा बंगालशी संबंध त्या रुळांवरून जुळला. कायद्याचा संबंध मात्र त्याच्याही शंभर वर्षे आधी जुळलेला होता.

नदीकाठचा न्यायाधीश

१७७४ साली कलकत्त्यात सुप्रीम कोर्ट स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी या शहराने परक्या शब्दाची किंमत पाहिली. महाराजा नंदकुमार यांच्यावर खोटा दस्त केल्याचा आरोप ठेवण्यात आला. आपल्याकडे तेव्हा बनावट कागदाला दंड, बंदिवास किंवा मानहानी अशी शिक्षा असे. इंग्लंडातील कायद्यात मात्र त्या गुन्ह्याला देहान्त होता. तो कायदा येथे लागू होतो की नाही, हाच मुळी वादाचा प्रश्न होता. तरीही ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमारांना फाशी देण्यात आले. ज्या कायद्याची भाषा त्यांच्या देशात कोणास ठाऊक नव्हती, त्या कायद्याने त्यांचा प्राण घेतला.

पुढे १७८३ साली सर विल्यम जोन्स त्याच न्यायालयात न्यायाधीश म्हणून आले. त्यांचे बिऱ्हाड गार्डन रीचला असे. पहाटे उजाडण्यापूर्वी नदीकाठाने काही मैल पायी चालत ते शहरात जात, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १७८४ साली त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. परंतु संस्कृतकडे ते वळले ते मुख्यतः न्यायदानातील अडचणीमुळे. हिंदूंचे वारसाचे तंटे हिंदूंच्या शास्त्राप्रमाणे सोडवावेत, असा कंपनीचा नियम होता. शास्त्र पंडित सांगत आणि न्यायाधीशाला ते मान्य करावे लागे. शब्दाचा अर्थ दुसऱ्याने सांगावा आणि निकाल आपण द्यावा, हे जोन्सना रुचले नाही. रामलोचन नावाच्या वैद्य जातीतील पंडितापाशी बसून वयाच्या चाळिशीत ते संस्कृत शिकले. मुसलमानी वारसा कायद्यावरील ‘सिराजिया’ या ग्रंथाचे त्यांचे भाषांतर १७९२ साली आणि मनुस्मृतीचे भाषांतर १७९४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २७ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

जोन्सनी केलेले भाषांतर आज किती ग्राह्य मानावे, हा विद्वानांचा विषय आहे. आपल्यापुरती गोष्ट एवढीच की, या भाषांतरांमुळे एक मोठा पालट घडला. गावोगावची रूढी आणि पंडितांचे मत यांच्या जोरावर चालणारा कायदा छापील पुस्तकात आला, आणि पुस्तकातील शब्दाला रूढीपेक्षा अधिक वजन प्राप्त झाले.

दिवाणी आणि फौजदारी

‘दिवाणी दावा’ आणि ‘फौजदारी खटला’ हे दोन शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. त्यांची जडणघडण पाहिली तर बंगालचा ठसा स्पष्ट दिसतो. मोगल अमलात सुभ्याचा वसूल पाहणारा तो दिवाण आणि बंदोबस्त ठेवणारा तो फौजदार. १७६५ साली बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी कंपनीला दिली. वसुलाबरोबर जमिनीचे व देण्याघेण्याचे तंटेही दिवाणाकडेच असत. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी दोन न्यायालये नेमली. ही विभागणी पुढे मुंबई इलाख्यातही आली आणि एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायद्यांनी ती तेथे पक्की केली.

आजही या दोन शब्दांतील भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. हक्क कोणाचा, हा दिवाणीचा प्रश्न. गुन्हा कोणाचा, हा फौजदारीचा. दिवाणीत वादी आणि प्रतिवादी असतात, आणि निकालाअंती हुकूमनामा होतो. फौजदारीत फिर्यादी आणि आरोपी असतात. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवला आहे तो. त्याला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार न्यायालयाने दोषी ठरवीपर्यंत कोणासही नाही. जामिनावर सुटणे आणि निर्दोष सुटणे यांतही महदंतर आहे. जामीन म्हणजे पुन्हा हजर राहण्याची हमी. ‘दखलपात्र’ गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस न्यायाधीशाच्या हुकुमावाचून तपास व अटक करू शकतात तो. ‘अदखलपात्र’ गुन्ह्यात त्यांना तसे करता येत नाही.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली तयार केला तोही कलकत्त्यातच. १८६० साली ती संहिता मंजूर झाली आणि १८६२ पासून अमलात आली. तिच्यातील फसवणुकीचे ४२० वे कलम मराठीत आणि बंगालीतही शिवीसारखे रुळले. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ वे झाले. तरी ‘चारशेवीस’ माणूस भाषेतून जाईल असे आम्हांस वाटत नाही. कायदा बदलतो, बोलीतले शब्द मागे राहतात.

दोन ग्रंथ, दोन रीती

बंगाली शेजाऱ्याच्या घरातील वाटणी आणि आपल्या घरातील वाटणी यांत फरक का असे, हा प्रश्न पूर्वी कित्येकांना पडत असे. त्याचे उत्तर दोन ग्रंथांत आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती चालुक्यराजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे. महाराष्ट्रासह बहुतेक भारताने ती मानली. बंगालने जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ मानला. १८१० साली कोलब्रुकने दोन्ही ग्रंथांच्या वारसाविषयक भागांचे भाषांतर एकत्र प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हा भेद न्यायालयांच्या मुखी बसला.

‘दाय’ म्हणजे वडिलांकडून किंवा नात्याने येणारे धन. ते घेणारा तो दायाद. आपला ‘दाईज’ हा शब्द त्याचेच रूप. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप आणि मुलगे एकाच वेळी तिचे समाईक धनी असतात. अशा समाईक धन्यास कायद्याच्या मराठीत ‘सहदायाद’ म्हणतात. दायभागाप्रमाणे बाप जिवंत आहे तोवर धनी तोच. मुलाचा हक्क बापाच्या मृत्यूनंतर सुरू होतो. मात्र पुत्रहीन भावाच्या विधवेला एकत्र कुटुंबातही पतीचा हिस्सा दायभागाने दिला. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबात तो हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जाई आणि विधवेच्या वाट्याला केवळ अन्नवस्त्र राही. तत्त्वचर्चेतील हा भेद वाचण्यास सोपा आहे. ज्या बायकांनी तो भोगला त्यांना तो जन्मभर पुरला.

गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाला मोठा मान मिळाला. नीलकंठभट्टाचे घराणे मूळचे पैठणचे. काही पिढ्यांपूर्वी ते काशीस जाऊन राहिले होते. परप्रांती वसलेल्या मराठी घराण्यातील एका पंडिताचा ग्रंथ पुढे मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण ठरला, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९२६ साली पांडुरंग वामन काणे यांनी सिद्ध केली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणाऱ्या काण्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. मराठी कुटुंब बंगालमध्ये येऊन राहिले, तर त्याला मिताक्षरा लागू की दायभाग? न्यायालयांचे उत्तर असे की, स्थलांतर करणारे कुटुंब आपला वैयक्तिक कायदा सामानासोबत घेऊन जाते. तो सोडून त्याने नव्या प्रांताचा कायदा स्वीकारला, असे कोणी म्हणत असेल तर ते त्याने सिद्ध करावे. बळवंतराव विरुद्ध बाजीराव या १९२० सालच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व मांडले. भाषा, सण आणि स्वयंपाक यांच्याबरोबर आपण विज्ञानेश्वरालाही आगगाडीत घालून आणले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुष्कळ भेद मिटविले. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली व आई यांस दोन्ही प्रांतांत सारखा वाटा मिळू लागला. स्त्रीला पूर्वी जी मिळकत ‘हयातीपुरती’ मिळे, तिची ती पूर्ण मालकीण झाली. मिताक्षरेचे सहदायत्व मात्र राहिले आणि त्यात मुलीला जागा नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना ती दिली. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर प्रत्येक मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद ठरली. त्या दिवशी बाप हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित आहेत. तेव्हा कोलकात्यात वाढलेल्या आणि गाव क्वचितच पाहिलेल्या मराठी मुलीचाही गावच्या वडिलोपार्जित जमिनीत हक्क असतो. तो तिला कोणी कृपेने द्यावयाचा नाही.

दत्तक आणि सही

एका कायदेशीर शब्दावर राज्ये कशी गेली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तो शब्द ‘दत्तक’. शास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा औरस पुत्रासारखाच. लॉर्ड डलहौसीने कलकत्त्यात बसून त्याचे दोन तुकडे केले. खासगी मिळकतीपुरता आणि धर्मकृत्यांपुरता दत्तक मान्य. राज्यापुरता तो सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून अमान्य. १८४८ साली सातारा खालसा झाले. १८५३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात झाशीचे गंगाधरराव आणि नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि १८५४ साली ती दोन्ही राज्ये गेली. नागपूरकरांच्या जामदारखान्यातील जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विक्रीस आले. १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या; म्हणजे आठ वर्षांपूर्वी नाकारलेला अर्थ पुन्हा मान्य झाला. गेलेली राज्ये मात्र परत आली नाहीत.

अवधचे राज्य दत्तकाच्या कारणाने गेले नाही. तेथे वारस होता. १८५६ साली नवाब वाजिद अली शहापुढे नवा तहनामा ठेवण्यात आला आणि राज्यकारभार कंपनीस सोपविल्याची सही मागण्यात आली. त्याने ती केली नाही. राज्य जाहीरनाम्याने खालसा झाले आणि नवाब कलकत्त्यास आला. गार्डन रीचच्या मटियाबुरुजात त्याने लखनौची प्रतिकृती वसविली आणि १८८७ साली तेथेच त्याने देह ठेवला. सही न केल्याने त्याचे राज्य वाचले नाही. परंतु ते राज्य आपण होऊन दिले, असे कोणत्याही कागदावरून कोणास म्हणता आले नाही. सहीचा खरा अर्थ यात आहे. सही म्हणजे ‘हे मला मान्य आहे’ असे स्वतःच्या हाताने सांगणे.

महजर ते निकालपत्र

इंग्रजांपूर्वी आपल्याकडे न्यायाची भाषा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे येई. वतनदार, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत. निर्णयाचा ‘महजर’ होई आणि ज्यांना लिहिता येत नसे ते नांगरासारखी आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. निवाड्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’ घेत, म्हणजे होईल तो निर्णय मान्य करण्याची लेखी संमती. वर्तणुकीसाठी जामीन घेत. हरणाऱ्याने ‘यजितखत’ लिहून द्यावे, जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरावी, अशी रीत होती. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचा साधार अभ्यास मांडला आहे.

‘राजीनामा’ या शब्दाचा प्रवास विशेष मनोरंजक आहे. आधी तो संमतीचा कागद होता. इंग्रजी अमलात शेतकरी जमिनीवरील हक्क सोडताना जे लिहून देई त्यालाही राजीनामा म्हणू लागले, आणि आज तो नोकरी सोडताना देतात. ‘राजी’ असण्यातून ‘सोडणे’ कसे निपजले, याचा हा नमुना. ‘महजर’, ‘हरकी’, ‘यजितखत’ हे शब्द मात्र दप्तरातच राहिले.

फारसी शब्दांचे हे राज्य शिवाजी महाराजांच्या ध्यानी आले होते. त्यांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त तेराशेहून अधिक शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव त्याच प्रयत्नात झाला. स्वराज्याच्या कारभाराची भाषा लोकांची असावी, हा विचार त्यामागे होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने ‘न्यायव्यवहार कोश’ आदी परिभाषाकोश काढले, ते याच परंपरेतील होत. त्यामुळे आपल्याकडे ‘हलफनामा’ जाऊन ‘प्रतिज्ञापत्र’ आले. ‘वकील’, ‘जामीन’ आणि ‘करार’ मात्र हलले नाहीत, कारण ते लोकांच्या घरात शिरले होते.

एक शब्द, दोन अर्थ

बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची खरी फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी. बंगालीत ‘शिक्खा’ म्हणजे शिक्षण. आपली शिक्षा म्हणजे दंड, ज्याला बंगाली माणूस ‘शास्ति’ म्हणतो. बंगालीत ‘विचार’ म्हणजे न्यायनिवाडा आणि ‘विचारपति’ म्हणजे न्यायमूर्ती. आपला विचार मनातल्या मनात राहतो. बंगालीत ‘दलिल’ म्हणजे नोंदलेला दस्त, तर आपल्याकडे दलील म्हणजे युक्तिवादातील मुद्दा. सर्वांत गमतीचा शब्द ‘आसामी’. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव आणि त्याचे अनेकवचन पुढे ‘आसामी’ झाले. वसुलाच्या वहीत नाव असलेला तो आसामी. मराठीत वहीतील त्या नावाला प्रतिष्ठा आली आणि श्रीमंत मनुष्य ‘बडी आसामी’ ठरला. बंगालीत तेच नाव पोलिसांच्या वहीत गेले आणि ‘आसामी’ म्हणजे आरोपी झाला. तेव्हा अलीपूरच्या न्यायालयात कोणी आपणांस आसामी म्हटले, तर हुरळून जाऊ नये!

जमिनीच्या कागदांची नावेही निराळी आहेत. आपला सातबारा म्हणजे गाव नमुना सात व बारा. एकात जमीन कोणाच्या नावे हे, तर दुसऱ्यात पीक कोणते हे असते. इथे त्याच्या जागी खतियान आणि त्याची नक्कल म्हणजे पर्चा. आपल्या गट क्रमांकाच्या जागी इथे ‘दाग’ क्रमांक. आपला फेरफार म्हणजे इथली नामजारी. खरेदीखताला इथे कबाला आणि कुलमुखत्यारपत्राला आममोक्तारनामा म्हणतात. दोन्ही प्रांतांत एक नियम मात्र समान आहे. सातबारा असो वा खतियान, फेरफार असो वा नामजारी, ही नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद राहिली म्हणून मालकी नष्टही होत नाही. ‘सातबाऱ्यावर तुझे नाव नाही, म्हणजे तुझा हक्क नाही’ हे वाक्य ऐकून कित्येक बहिणी गप्प बसल्या आहेत. त्या वाक्याला कायद्याचा आधार नाही.

टपालाने येणारे कागद

आता आरंभी उल्लेखिलेल्या कागदाकडे वळू. ‘हक्कसोडपत्र’ म्हणजे समाईक मिळकतीतील आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावे सोडून देण्याचा दस्त. स्थावर मिळकतीसाठी त्याची नोंदणी लागते. एकदा तो नोंदला की, मागाहून मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक वा दडपण झाले असे न्यायालयात सिद्ध करावे लागते. बहिणीने आपखुशीने भावाला हिस्सा सोडला, तर त्यात गैर काहीच नाही. ती तिची उदारता होय. परंतु उदारतेला आपण काय देत आहोत याची जाणीव हवी. त्यातही एक बारकावा आहे. बाप हयात असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पुढे वारसाने काही मिळेल, ही केवळ आशा असते आणि नुसती आशा कायद्याने हस्तांतरित करता येत नाही.

‘बक्षीसपत्र’ आणि ‘मृत्युपत्र’ यांची गल्लत नेहमी होते. बक्षीसपत्राने मालकी देणाऱ्याच्या हयातीतच जाते. मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर अमलात येते आणि तोवर त्याला ते कितीही वेळा बदलता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक, नोंदणी ऐच्छिक. धर्मशास्त्रात मृत्युपत्राची कल्पना जवळजवळ नव्हतीच. बंगालमध्ये ती लवकर रुजली, कारण दायभागाने बापाला मिळकतीचा पूर्ण धनी मानले होते. प्रसन्नकुमार ठाकूर यांनी ख्रिस्ती झालेला पुत्र ज्ञानेंद्रमोहन यास मृत्युपत्राने वगळले आणि तो तंटा १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने बंगालमध्ये आणि मद्रास व मुंबई या शहरांत मृत्युपत्र न्यायालयाकडून शाबीत करून घेण्याचे, म्हणजे ‘प्रोबेट’चे बंधन आणले. पुढे १९२५ च्या कायद्यातही ते राहिले. त्यामुळे कलकत्त्यातील मराठी कुटुंबाला जो खटाटोप करावा लागे, तो साताऱ्यातील चुलत भावाला ठाऊकही नसे.

‘कुलमुखत्यारपत्र’ म्हणजे आपल्या वतीने कामे करण्याचा अधिकार दुसऱ्यास देणे. त्यात ‘विक्री’ हा शब्द आहे की केवळ ‘देखभाल’, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. केवळ कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निक्षून सांगितले आहे. तशीच समजूत ‘नामनिर्देशन’ या शब्दाविषयी. विम्याच्या अर्जात ज्याचे नाव लिहिले तो पैशाचा मालक झाला, असे घरोघर मानतात. सरबती देवी यांच्या १९८४ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे स्वीकारणारी, मालकी वारसांची. विम्याच्या बाबतीत पती-पत्नी, आईबाप व मुले यांच्यापुरती २०१५ साली कायद्यात निराळी तरतूद झाली आहे. तरीही नामनिर्देशन हे मृत्युपत्राचे काम करते, असे गृहीत धरून कोणी स्वस्थ बसू नये.

समारोप

जोन्सना दुसऱ्याच्या तोंडून अर्थ ऐकून निकाल देणे पटले नाही, म्हणून ते चाळिशीत नवी भाषा शिकले. आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. कागद आपलाच, भाषा आपली किंवा शेजाऱ्याची, आणि प्रश्न आपल्याच घरातील माणसांचा. आपली मुले शाळेत बंगाली व इंग्रजी शिकतात आणि घरी मराठी बोलतात. या तिन्ही भाषांतील कागद वाचण्यास त्यांच्याइतके योग्य कोण? सुट्टीच्या एखाद्या दुपारी ती कापडी पिशवी त्यांच्यासमोर सोडावी. पणजोबांचे वाटणीपत्र त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि मुलीलाही मुलाइतकेच जवळ बसवावे. अडलेल्या शब्दांसाठी मंडळाच्या वाचनालयात एक परिभाषाकोश आणि एक बंगाली शब्दकोश असावा, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.

पुढील पन्नास वर्षांत मंडळाची नाटके आणि उत्सव वाढतीलच. त्याबरोबर आपल्यातील एकाही लेकीसुनेने न वाचलेल्या कागदावर सही करू नये, एवढे झाले तरी या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.